मागे घेतलेली साक्ष

माझ्या सासूबाई साखरेच्या, म्हणजे डायबेटिसच्या, गोळ्या घेतात, ही गोष्ट अख्ख्या चिंचणीत फक्त मला ठाऊक होती. माझ्या नवऱ्यालाही नव्हती. शैलेश बोटीवर असतो. निम्मा आठवडा समुद्रात आणि उरलेला झोपेत, त्याला काय कळणार? गोळ्या मी बोईसरहून आणायचे. आमच्या गावच्या मेडिकलवाल्याच्या पोटात काही राहत नाही, आज सर्दीचं औषध घेतलं की उद्या बंदरावर तब्येतीची चौकशी सुरू होते.

एवढी चोरी कशासाठी, तर एका साक्षीसाठी. माझ्या सासूबाई जयवंती विश्वासी आहेत, म्हणजे येशूला मानतात. सासरे गेल्यानंतर त्या बोईसरच्या एका छोट्या मंडळीत जायला लागल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. मी घेतलेला नाही. मी दर रविवारी त्यांना रिक्षाने घेऊन जाते, मागच्या रांगेत बसते, आणि गाणी आवडतात म्हणून गातेही. तिथे साक्ष देतात. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. ईस्टरच्या उपासनेत आईंनी साक्ष दिली, की प्रभूने माझी साखर काढून घेतली.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, आणि पुढच्या तपासणीत साखर खरोखर ताब्यात आली होती. त्यांनी गोळ्या बंद केल्या. हॉलभर हालेलूया झालं, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तो मंडळीच्या ग्रुपवर फिरला. पावसाळ्यात मात्र साखर परत चढली. पायाच्या बोटाची जखम भरेना. बोईसरचा डॉक्टर इतका ओरडला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

पण मंडळीत साक्ष द्यायची रीत आहे, ती मागे घ्यायची रीत नाही. "काय सांगू आता?" आई म्हणायच्या. "देवानं दिलेलं परत घेतलं, असं सांगू? लोकांचा विश्वास ढळल." मी म्हटलं, नका सांगू. कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं ते शनिवारी दुपारी कळलं.

दादूकाका आले. हे म्हणजे आमच्या शेजारच्या आळीतले जुने तांडेल, आयुष्यभर बोट हाकलेला माणूस. बायको हंसा गेल्यापासून एकटेच राहतात. पूर्वी नावाची मुलगी आहे, ती दातिवऱ्याला दिलेली. हंसाकाकू आणि आई जिवाभावाच्या मैत्रिणी. बाप्तिस्माही दोघींनी एकाच दिवशी घेतलेला. गेल्या वर्षी काकांना हार्टचा त्रास झाला आणि आत स्प्रिंग टाकली, तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरने माझ्यासमोर बजावलं होतं.

"वैनी, तुमाला पयलं सांगायला आलो," ओट्यावर टेकत काका म्हणाले. चेहरा नुसता फुललेला. "तुमचा तो व्हिडिओ मी रोज सकाळी बघतो. मग म्हटलं, जो देव वैनीचा, तो माझा नाय का? सगळ्या गोळ्या खाडीत टाकल्या. बरेच दिस झाले. उद्या साक्ष देणार हाय मी."

मी आईंकडे पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून वाट पाहत राहिले. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेवते."

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "सांगा त्यांना," मी दबक्या आवाजात म्हटलं. "सांगते गं," त्या म्हणाल्या. चहा झाला. तीन कप घेऊन आम्ही बाहेर आलो. काकांनी आईंच्या कपात डोकावून पाहिलं आणि लहान मुलासारखे खूश होत विचारलं, "वैनी, आता तुमी साखर टाकून पिता ना?"

आई परत आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या, दोन चमचे साखर कपात टाकली आणि त्यांच्यासमोर तो चहा प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत. मला रडू यावं की ओरडावं, कळेना.

काका निघाले, पण दोन पायऱ्या उतरून थांबले. एका हाताने भिंत धरून दम खाल्ला. "ऊन हाय," म्हणाले. ऊन होतंच, पण काका उन्हातच म्हातारे झालेले.

ते वळणावरून दिसेनासे झाले आणि मी तोंडाला येईल ते बोलले. सून म्हणून बोलू नये ते सगळं. "हा माणूस मरेल, आई! तुमच्या व्हिडिओवर मरेल!"

"मी खोटी पडेन गं, समिधा."

"पडा मग!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, भीती होती. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा नाही, शैलेशची बोट वादळात अडकली तेव्हा नाही. "त्या हॉलशिवाय माझं काय हाय?" त्या म्हणाल्या. "तिथं मला सगळी मानतात. पोरी येतात, डोक्यावर हात ठेव म्हणतात. उद्या कोण येल?" मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. जेवायलाही आल्या नाहीत.

त्या साऱ्या संध्याकाळी मी काकांच्या मुलीला, पूर्वीला फोन लावत होते. लागला नाही. काकांच्या घरीही जाऊन आले. ते भिंतीला टेकून तोच व्हिडिओ पाहत होते. मी म्हटलं, काका, डॉक्टरला एकदा विचारा तरी. ते हसले. "वैनीनं विचारलं होतं का डॉक्टरला?"

रविवारी सकाळी आम्ही तिघं एकाच रिक्षात. काका पुढे रिक्षावाल्याशेजारी. डावा खांदा चोळत होते. "उशीवर आखडला," म्हणाले. आईंचे ओठ हलत होते. मी कोपराने त्यांना ढोसलं. त्यांनी हात माझ्या हातावर ठेवला आणि इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. पण तोंड उघडलं नाही.

हॉल म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा पहिला मजला. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, दोन पंखे. जिना चढताना काका मध्येच बसले, मग उठून पुन्हा चढले. पास्टर दिग्विजय इतर दिवशी एका कंपनीत फिटर असतात. माणूस साधा, आवाज मोठा. बोईसरच्या कारखान्यांतली यूपी-बिहारची पोरंही येतात, म्हणून ते प्रत्येक वाक्य एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत सांगतात. गाणी झाली. मग त्यांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय?"

काका लगेच उठले. पुढे चालत गेले, माईक हातात घेतला. दिवस थंडीचे होते, पण त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. आता ते एकदा बोलले की संपलं. लोकांपुढे दिलेला शब्द आम्ही बंदरावरची माणसं गिळत नाही, आणि देवापुढे दिलेला तर नाहीच. मग त्यांच्या घशाखाली गोळी कुणीही उतरवू शकणार नव्हतं.

"प्रभूची स्तुती असो," काका म्हणाले. "माझ्या हृदयात स्प्रिंग हाय..."

"दादूभाऊ, थांबा."

आई उभ्या राहिल्या होत्या. खुर्चीची पाठ धरून.

"मी साखरेच्या गोळ्या खाते," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. माझी साखर परत चढली. मी तुमाला कुणाला सांगितलं नाय. मला लाज वाटली. काल तुमच्यासमोर गोड चहा प्यायला, तो पण ढोंग होता."

पास्टर हिंदीत सांगायचं विसरले. एका बाईने तोंडावर पदर धरला. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. नाक कापलं गेलं, पण माणूस वाचला.

काका आईंकडे पाहून हसले. खूप मायेने हसले.

"वैनी," ते माईकवरच म्हणाले, "तुमी मला वाचवायला खोटं बोलता. मला कळतं. माझी परीक्षा हाय ही."

आम्ही सगळा विचार केला होता. बदनामी होईल, लोक बोलतील, मंडळी सुटेल. खरं सांगितलं तरी ते खोटं ठरेल, हे मात्र आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मी ताडकन उठले. "काका, त्या गोळ्या मीच आणते!"

"तू गप बस पोरी. तू तर विश्वासी पण नाय."

तो घाव मला बसला. पण त्यांनी तेवढ्यात छातीवर हात दाबला, आणि मला माझा अपमान आठवायला वेळच मिळाला नाही. मागच्या दोन पोरांना मी रिक्षा आणायला पिटाळलं. काका जागचे हलेनात. खांबाला धरून म्हणत राहिले, "नाय जाणार. गेलो तर विश्वास मोडल."

आई पुढे गेल्या. "इथं साखर मोजायचं मशीन कुणाकडं हाय?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

पास्टर जिना उतरले आणि स्कूटरच्या डिकीतून एक छोटी काळी पिशवी घेऊन आले. "माझीच आहे," ते खाली बघत म्हणाले. ईस्टरला सगळ्यात मोठ्याने हालेलूया म्हणणारा माणूस तो. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पोटातलं एवढं ओझं घेऊन हा माणूसही दर रविवारी उभा राहत होता.

आईंनी बोट पुढे केलं. पास्टरांनी सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. आकडा आला तो त्यांनी काकांच्या डोळ्यांसमोर धरला. तीनशेच्या वर.

काकांनी तो वाचला. परत वाचला. हातातला माईक त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि खाली जमिनीवर बसले. मघाशी डोळ्यांत होतं ते सगळं विझलं होतं. "मग माझं काय?" ते म्हणाले.

चौघांनी त्यांना उचलून जिन्यावरून खाली नेलं. दवाखाना येईपर्यंत रिक्षात त्यांचं डोकं आईंच्या खांद्यावर होतं.

डॉक्टर तरुण होती, घाईत होती. ईसीजीची पट्टी पाहिली आणि म्हणाली, "गोळ्या बंद केल्या होत्या? वेळेत आणलंत, पण आता एक मिनिट घालवू नका. लगेच आत घ्यायचंय." सिस्टर सुई घेऊन आली. काकांनी हात छातीशी ओढून घेतला.

"नको," ते म्हणाले. "कशाला आता? तो बरं करीत नाय, हे कळलंच ना."

"काका, प्लीज," मी म्हटलं. पास्टर म्हणाले, बंधू, विश्वास ठेवा, सगळं ठीक होणार. काकांनी मान फिरवली. डॉक्टर माझ्यावर ओरडली, पेशंटला समजवा!

काकांनी आईंना हाक मारली. "वैनी. खरं सांगा. मी वाचेन का?"

पास्टरांनी तोंड उघडलं. आईंनी हाताने त्यांना थांबवलं.

"मला नाय माहीत, दादूभाऊ."

"त्याला माहीत हाय?"

"हाय. मला सांगितलं नाय त्यानं."

काका छताकडे पाहू लागले. "आणि नाय वाचलो तर?"

"तर हंसा भेटल," आई म्हणाल्या. जिनसा आणायला दुकानात गेलात तर हंसा भेटेल, इतक्या सरळपणे. "तिला सांगा, जयवंती पण येतेय मागून. आणि सांगा, साखर काय तिची गेली नाय, उगाच सगळ्यांपुढं मिरवत होती."

काकांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "हसल ती."

"हसू दे."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मी तिला खुणेने थांबायला सांगितलं. काकांनी आईंचं मनगट धरलं.

"प्रार्थना करा वैनी. आता तुमी जे बोलाल, ते मला खरं वाटल."

आईंनी डोळे मिटले. हॉलमध्ये त्या लांबलचक, गात केल्यासारखी प्रार्थना करतात. तशी केली नाही.

"प्रभू, हा घाबरलाय. मी पण घाबरलेय. डॉक्टरीणबाईच्या हाताला यश दे. पुढं तुला काय करायचं ते कर. पण याला एकट्याला सोडू नको."

"आमेन," काका म्हणाले. पास्टर म्हणाले. मीही म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा.

काकांनी आईंचं मनगट सोडलं आणि तो हात सिस्टरपुढे केला.