‘दुर्ग’ची चिठ्ठी

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता. व्युत्पत्तीची चिठ्ठी मुख्य संपादकाच्या हातची असेल, तरच ती छापखान्यात जाई. मुख्य संपादक म्हणजे माझे थोरले बंधू, दादा. मी त्यांचा सहायक. गेली दोन वर्षं दादांना शब्द आठवेनासे झाले होते. त्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहीत असे, त्यांच्यासारखं तिरकं अक्षर काढून.

वहिनींनीच गळ घातली होती. “भावजी, कचेरी सुटली तर ते हाय खातील. तेवढं सांभाळून घ्या.”

मी केलं ते बरं की वाईट, मला तेव्हाही कळलं नाही.

बुधवारच्या बैठकीत कोशमंडळाच्या अध्यक्षांनी चिठ्ठ्यांच्या पेटीतली एक चिठ्ठी उचलली आणि मजकूर झाकून विचारलं, “दादासाहेब, दुर्ग म्हणजे किल्ला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण दुर्गच का म्हणायचं?”

“गावापासून दूर असतो म्हणून,” दादा म्हणाले.

कोणीतरी खोकलं. असल्या अंदाजांवर चाळीस वर्षं लाल रेघ मारली होती ती दादांनीच.

अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली. “दुर् म्हणजे कठीण, ग म्हणजे जाणं. जिथं जाणं कठीण, तो दुर्ग. अक्षर तुमचं, तारीख गेल्या मंगळवारची. आठ दिवसांत विसरलात? की लिहिणारा दुसराच कोणी आहे?”

दादांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून पेटीतल्या चिठ्ठ्या जुळवू लागलो.

“अक्षर माझंच,” ते म्हणाले. “विसरलो. आता दुसरा माणूस बघा.”

अध्यक्षांनी तिथंच राजीनाम्याचा कागद पुढं केला. सही करताना आपलं आडनाव दादांना शेजारच्या सभासदाला विचारावं लागलं.

मी त्यांना घरी पोचवलं. ते चपला घालूनच आतल्या खोलीत गेले. मी दारातच वहिनींना सगळं सांगितलं.

“आणि तुम्ही?”

“काही बोललो नाही.”

“त्यांच्या जागी कोण?”

“मला विचारलंय.”

वहिनींनी पदराला हात पुसले. “त्यांचा डबा कचेरीतच राहिला ना? उद्या शेजाऱ्यांकडे देऊन ठेवा. आमच्या घरी यायचं कारण नाही.”