शेवटचं नीट कधी बोलले?

डॉक्टरने तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला, तेव्हा चष्मेवाल्याच्या बायकोचा पारा चढला.

"शेवटचं नीट कधी बोलले, शेवटचं नीट कधी बोलले! अहो, तीन दिवस आमच्यात अबोला होता! कशी सांगू मी?"

तपासणीच्या खोलीबाहेर अरुंद बोळ होता. तिथल्या लोखंडी बाकावर बसलेल्या नणंदेने हे ऐकलं आणि ती ताडकन उठली. नवऱ्याची थोरली बहीण, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. पण आवाज अजून नोकरीतच होता. बायको मनातल्या मनात तिला हायकोर्ट म्हणायची, कारण त्या घरातल्या प्रत्येक भांडणाचा निकाल तिथेच लागायचा आणि अपील कुठेच नव्हतं.

"ऐकलंत ना डॉक्टर? तीन दिवस! माझ्या भावाची वाचा गेली, उजवा हात गेला, आणि ह्या बाईला पत्ता नाही. शेजारची मांजर आजारी पडली तरी माणसाला कळतं."

"ताई, तुम्ही जरा गप्प बसता का?"

"का बसू?"

डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं, हातात फॉर्मची जाडजूड फाइल. तिने दोघींकडे बघून एक मोठा श्वास घेतला. दुपारपासून हे सगळं तिने कुणाकुणाला किती वेळा समजावलं असेल, देव जाणे.

"पुन्हा सांगते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं नेहमीचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ गेली. आमच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, खास मधुमेह असलेल्यांसाठी. त्यांना नऊ तासांपर्यंत चाचणीत घेता येतं. बाकी सगळं बसतंय. शुगर एकशे अडुसष्ट आहे, चालेल. आधी कधी झटका आलेला नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत. फक्त वेळ अडलीय. आता सहाला दहा कमी आहेत. शेवटचे धडधाकट कधी होते हे कुणीतरी खात्रीने सांगायला हवं."

"आठ वाजता," बायको म्हणाली. "आरशासमोर दाढी करत होते."

"आठ धरले तर नऊ तास पाचलाच संपले. त्यानंतर?"

त्यानंतर काय सांगणार, कपाळ? आज दुकानाला सुट्टी. घराच्या पुढच्या खोलीतच चष्म्यांचं दुकान, काचा घासायचं यंत्र, भिंतीभर फ्रेमा. दाढी झाल्यावर तो तिथे जाऊन बसला आणि मधला पडदा ओढून घेतला. ती मागे स्वयंपाकघरात. मधे तो पडदा आणि गुरुवारचं भांडण. गुरुवारी तिला काचांच्या डब्यांमागे चॉकलेटांच्या कागदांची चांदी सापडली होती, मूठभर. साखर तीनशेवर गेलेली, पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, आणि हा चोरून चॉकलेटं खातोय! तिने ती चांदी दोन गिऱ्हाइकांच्या देखत काउंटरवर ओतली होती. त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. तीही काही कमी नव्हती. तिनेही मिटलं.

"जेवायला आले एक वाजता. न बोलता. पुन्हा दुकानात गेले. पाचला मी चहा द्यायला गेले तर ते खुर्चीत वाकडे पडलेले."

"एक वाजता नीट होते?"

बायकोने हातातली पिशवी घट्ट धरली.

हायकोर्टाने तिचा दंड धरला आणि तिला बोळाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी ओढत नेलं. "सांग की हो म्हणून! एक वाजता चांगला बोलत होता, पाणी मागितलं, असं सांग. जीभ झिजणार आहे का तुझी?"

"नाही बोलले ते."

"ते त्या पोरीला कुठे माहीत आहे?"

"वेळ चुकीची सांगितली आणि औषध उशिरा गेलं तर डोक्यात रक्तस्राव होईल म्हणाली ती. ऐकलं नाहीत? मरतील ताई ते!"

"आणि नाही दिलं तर? जन्मभर मुका, एका हाताचा! कोण घासणार काचा? तू?" नणंद आता दबक्या आवाजात ओरडत होती. "तुला तो नकोच आहे. एकदाचा गप्प झाला, सुटलीस."

बायकोचा हात उठला होता, खरं सांगायचं तर. तीस वर्षांत पहिल्यांदा. पण त्याच हातात नवऱ्याच्या सामानाची पिशवी होती, ती सुटली आणि चष्मा, गोळ्यांची पट्टी, फोन, सगळं फरशीवर घरंगळलं. ती चडफडत खाली बसली. डॉक्टर धावत आली, वस्तू गोळा करायला वाकली आणि फोन हातात घेऊन थबकली.

"यावर बघा ना. आज कुणाला फोन केला असेल तर?"

बायकोने फोन उघडला. आजच्या यादीत एकच नाव होतं. ताई. अकरा चाळीस. अकरा मिनिटं.

तिने ते आकडे पुन्हा वाचले. मग तिने मान वर केली.

"तुम्ही बोललात त्यांच्याशी."

नणंदेचा चेहरा उतरला. "तो... तब्येतीचं विचारायला केला होता."

"अकरा चाळीसला बोललात आणि इथे मला खोटं बोलायला लावताय? एक वाजता म्हण, पाणी मागितलं म्हण! तुमच्या तोंडात खरी वेळ होती, ताई!"

"मला वाटलं, तुला कळलं तर..."

"मला कळलं तर काय? भाऊ मेला तरी चालेल, पण मला कळायला नको?"

"ओरडू नका, वॉर्ड आहे हा," डॉक्टर म्हणाली, पण तिचाही आवाज चढला होता. ती नणंदेकडे वळली. "अकरा चाळीस धरले तर आपल्याकडे वेळ आहे. पण बोलणं स्पष्ट होतं का? शब्द अडखळत होते? काय म्हणाले, मला त्यांच्याच शब्दांत हवं."

"स्पष्ट होतं."

"त्यांच्याच शब्दांत."

मुख्याध्यापिकेने पदर तोंडाशी नेला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून वदवून घेतलं, आज तिच्यावर पाळी आली होती.

"म्हणाला, 'ताई, आता बस्स झालं. चूक माझीच आहे, चॉकलेटं मीच खाल्ली. जेवायच्या वेळी मी तिच्याशी बोलणार आहे.'"

"आणि तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मी म्हटलं... एवढ्यात नको. चार दिवस कळू दे तिला."

"मग?"

"मग म्हणाला, 'नाही, मी बोलणारच.' आणि फोन ठेवला."

डॉक्टरने वेळ लिहिली. मग बायकोकडे बघून म्हणाली, "अजून एक रकाना आहे. काहीतरी बिघडलंय असं पहिल्यांदा कधी दिसलं?"

बायकोने फोन पिशवीत ठेवला. 

"एक वाजता. स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तोंड उघडलेलं, जबडा हलत होता, शब्द नाही. मला वाटलं, माझ्यावर तोंड वेंगाडतायत. मी ताट आपटलं आणि पाठ फिरवली."

 डॉक्टरने 'एक' लिहिलं आणि फाइल पुढे केली.

"बसतंय. निम्म्या लोकांना खरं औषध मिळतं, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय, ते मलाही कळणार नाही. धोका समजावलाय. सही करा."

बायकोने सही केली. आडनाव ओळीखाली गेलं.

परिचारिका इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. "नातेवाईक एकच आत या. त्यांच्याशी बोलत राहा, ओळखतात का ते आम्हाला बघायचंय."

नणंद डोळे पुसत उठली. "मी जाते. मला बोलू दे त्याच्याशी."

"बसा खाली!" बायको अशी ओरडली की पलीकडच्या खोलीतून दोन माणसं डोकावली. "अकरा मिनिटं मिळाली होती तुम्हाला."

आणि ती आत गेली. खाटेपर्यंत पोचायचाही धीर तिला निघेना. दारातूनच ती त्याच्याशी बोलायला लागली.