शिंप्याच्या लेकीची बाही

ही गोष्ट १९६८ सालची. शिंपीबाबा तोंडात टाचण्या धरून माप सांगायचे आणि त्यांची बारा वर्षांची लेक टिकली ते वहीत लिहायची. त्या दिवशी तिच्याच गणवेशाचं माप होतं. बाही सहा महिन्यांत दोन इंच वाढलेली! आपल्याला कसलातरी रोग जडलाय, या भीतीने तिने गुपचूप जुनाच आकडा लिहिला.

बाबांनी वहीबरहुकूम कापड बेतलं. सदरा चढवला, तर मनगटं बाहेर!

"तीस वर्षांत माझी कात्री चुकली नाही," बाबा पुटपुटले.

टिकलीला रडू कोसळलं. "मीच खोटं लिहिलं. बाबा, मी मरणार का?"

नर्स असलेली आत्या काजं करता करता हसली. "वेडाबाई, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. वयात यायची वेळ झाली की ती रक्तातून निरोप धाडते. त्यांना हार्मोन म्हणतात. मग उंची वाढते, मुरमं येतात, उगाच रडू येतं, पुढे पाळी येते. हातपाय आधी धावतात, बाकीचं अंग मागून येतं."

"म्हणजे रोग नाही?"

"छे! मोठी होतेयस."

"त्या वाटाण्याला म्हणावं," बाबा म्हणाले, "आधी शिंप्याला कळवत जा!"

पुढे बाबा मुलांच्या प्रत्येक बाहीत दोन इंच दुमड ठेवू लागले, ते अखेरपर्यंत. आत्या मुख्य परिचारिका होऊन निवृत्त झाली. टिकली घरात सगळ्यांत उंच निघाली आणि शाळेत शरीरशास्त्र शिकवू लागली. पहिल्या तासाला ती फळ्यावर वाटाणाच काढायची.