फीत नसलेला कोंबडा

स्मिल्या बाळाला घेऊन किकिंदा शहरातल्या डॉक्टरकडून परतली तेव्हा स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरली होती आणि परसातल्या ओंडक्यावर कोंबड्याचं मुंडकं पडलं होतं.

लालभडक, सुरकुतलेली, कानापासून खाली एक पीस नसलेली मान. दुसरा असा कोंबडा अंगणात नव्हताच. तिने इस्क्राला छातीशी आवळलं, तशी पोर पुन्हा खोकायला लागली.

"आई," ती दारातूनच म्हणाली, "हा कुठला कापलात?"

विदोसावा, तिची सासू, शेवयांसाठी पोळी लाटत होती. कोपरापर्यंत पीठ. "जाळीतला, दुसरा कुठला? उद्या आपल्या घरच्या संताचा दिवस. पोरीचं नाव ठेवणारा कूम, तिचा धर्मबाप, यायचाय जेवायला. त्याला काय पाणचट सूप वाढू? आणि गंमत सांगू, पिसं उपटायला पाच मिनिटं लागली नाहीत! मेल्याच्या अंगावर होती कुठं?"

"आई, मी त्याला मुद्दाम वेगळा ठेवला होता."

"मग? वेगळा ठेवलास, निवडून मका घातलास, म्हणून तर मला कळलं. सणाचा कोंबडा असाच पोसतात. मी मनात म्हटलं, शिकलेली असली तरी सुनेला रीत ठाऊक आहे."

स्मिल्याला खुर्ची सापडेना. ती तशीच भिंतीला टेकली.

बानात प्रांतातल्या त्यांच्या गावात बोडक्या मानेच्या कोंबड्या घरोघर होत्या. उन्हाळ्यात बाकीच्या कोंबड्या चोच वासून सावलीला पडतात, खाणं टाकतात. या मात्र टिपत राहतात. पिसं कमी, म्हणून खाल्लेलं पिसांत न जाता अंगी लागतं, छाती भरते. बहुतेकींच्या गळ्याला पुढून पिसांचा एक झुबका असे. गाव त्याला फीत म्हणे. लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखा फीतवाला कोंबडा अंगणात मिरवे. ज्याला फीत नाही, ज्याची मान साफ सोललेल्या गाजरासारखी, तो कुरूप. "फीतवाला अंगणात, बोडका पातेल्यात," असं विदोसावाच्या सासूचं सांगणं होतं, आणि तिच्याही सासूचं.

हे सगळं उलटं आहे, हे स्मिल्याला कॉलेजात कळलं होतं. पिल्लाला एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. दोन्ही वाटे बोडके असले तर मान साफ. एकच असला तर फीत. आणि फीतवाल्याला फीतवालीशी जोडलं की चारातलं एखादं पिल्लू भरगच्च पिसांची मान घेऊन निघतंच. म्हणजे शंभर वर्षं हे गाव अस्सल बी शिजवून खात होतं आणि अर्धं बी वंशाला ठेवत होतं. लग्न करून या घरात आल्यापासून ती दर पिल्लाचं वजन वहीत मांडत होती. त्याच दाण्यावर, त्याच वयाला, साफ मानेचं पिल्लू फीतवाल्याहून चांगलं वजन घेई, आणि ते सगळं छातीत.

तसा एकच कोंबडा तिच्या हाती लागला होता; तो तिने आठ कोंबड्यांसोबत जाळीत ठेवला होता. तो बाप असेल तर कोंबडी कसलीही असो, एकूण एक पिल्लू बोडक्या मानेचं निघणार, मग फीत असो वा नसो. जातीची नोंद करणारे तिहोमीर साहेब म्हणाले होते, "बाई, एका उबवणीतली सगळी पिल्लं बोडक्या मानेची दाखवा. सगळी. मग तुमचा कळप नोंदीत." नोंद झाली की शहरातलं उबवणी केंद्र वर्षभर अंडी उचलणार होतं, आणि तिचा नवरा ओग्नेन जर्मनीला जाणार नव्हता. नाहीतर डिसेंबरच्या बाराव्या तारखेची बस ठरलेली होती. कोंबड्या कापायच्या कारखान्यात, दोन वर्षांसाठी. इस्क्रा दहा महिन्यांची होती. 'बाबा' म्हणायला ती फोनच्या काचेकडे बघून शिकणार होती.

आणि आता तो कोंबडा गाजरं-कांद्यांत उकळत होता.

ओग्नेन ट्रॅक्टर लावून आत आला, तेव्हा ती भांडं बघत उभी होती.

"तू सांगितलं नव्हतंस आईला?" तिने विचारलं.

"मी? मला वाटलं तू सांगितलंस." त्याने झाकण उचललं, परत ठेवलं. "वास तर चांगला येतोय," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून डोळे मिटून घेतले. "संपलं का गं?"

तेवढ्यात तिचं लक्ष सासूच्या पुढ्यातल्या टोपलीकडे गेलं. "ही अंडी कुठली?"

"जाळीतल्या कोंबड्यांची. शेवयांना, केकला लागतात ना."

स्मिल्याने टोपली हिसकावली. सात उरली होती. कोंबडा गेला तरी त्याचं बी कोंबडीच्या पोटात दहा-बारा दिवस जिवंत राहतं, हे तिला एकदम आठवलं होतं. "आजपासून जाळीतलं एकही अंडं कुणी खायचं नाही! जाळी उघडायची नाही! दुसरा कोंबडा तिथे फिरकता कामा नये!"

"अगं, वेड लागलं का तुला? कूम केकशिवाय जेवेल?"

"जेवू दे नाहीतर उपाशी जाऊ दे!"

या घरात असं कुणी बोललं नव्हतं. विदोसावाच्या हातातलं लाटणं खाली आलं. दुसऱ्या दिवशी कूमने दोनदा सूप मागून घेतलं, अशी गोडी आयुष्यात चाखली नाही म्हणाला. स्मिल्याने ताटाला हात लावला नाही.

पुढचे दहा दिवस ती जाळीजवळच असायची. नोव्हेंबरात आठ कोंबड्या घालतात किती? कधी एक, कधी दोन. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात ऊबदार अंडं. प्रत्येकावर ती पेन्सिलीने छोटी फुली करायची आणि कोठीतल्या गार फळीवर ठेवायची. इस्क्राचा ताप चढत होता, उतरत होता. एकवीस झाली. एकोणीस तारखेला सकाळी ती उबवणीच्या पेटीत मांडली आणि पोरीला घेऊन पुन्हा किकिंदाला पळाली.

सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून पाहिली, तर तेरा अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, म्हणजे जीव धरला होता. अंडी छान मोठी वाटली. तिला बरंच वाटलं. तिथे तिची नजर चुकली.

दहा डिसेंबरला पहिली चोच फुटली. अकराला दुपारी तिहोमीर साहेब आले, बुटांवरचा चिखल दारात खरडून. सगळे पेटीभोवती वाकले. बारा पिल्लं वाळली होती, तेरावं कवचातच मेलं होतं.

"एक," साहेब एकेकाची मान अंगठ्याने वर करत म्हणाले. "दोन. बोडकं. बोडकं. वा!" ओग्नेनने स्मिल्याचा हात घट्ट धरला. नऊ. दहा. अकरा.

बारावं त्यांनी उचललं आणि उजेडाकडे धरलं. पिवळ्या मऊ लवेने भरलेली, गुबगुबीत मान.

"शक्य नाही," स्मिल्या म्हणाली. "साहेब, हे शक्यच नाही. बाप साफ होता. मी फुल्या केल्या आहेत." तिने कवचं उपसली. प्रत्येकावर फुली होती. पण चारांवरची फुली लांब दांड्याची होती, चर्चमधल्या क्रुसासारखी.

विदोसावाने खांद्यावरची शाल तोंडाला लावली. "मीच बदलली," ती म्हणाली. "चार अगदी लिंबाएवढी होती गं. तुझा एवढा जीव चाललेला. तू डॉक्टरकडे गेलीस तेव्हा अंगणातली चांगली टपोरी आणून ठेवली. तू अंड्यांना आशीर्वादाचा क्रूस काढतेस असं वाटलं, म्हणून मीही काढला. प्रार्थना म्हणून काढला."

"आणि माझी चार?"

"पोरीला उकडून दिली. तापात अशक्त झालेली."

इस्क्रा आजीकडे हात पसरून हसली.

ओग्नेन म्हणाला, "साहेब, ऐकलंत ना तुम्ही. आई खोटं बोलत नाही."

"ऐकलं," तिहोमीर साहेब म्हणाले. त्यांनी टोपी हातात फिरवली. "पण कागदावर मला आजीबाई लिहिता येत नाहीत, भाऊ. बारातली अकरा लिहावी लागतात. ही पिल्लं मोठी करा. उन्हाळ्यात नव्याने बोलवा."

"उन्हाळ्यात," ओग्नेन म्हणाला. मग आतून बॅग ओढल्याचा आवाज आला.

सकाळी बस चौकातून वळून गेली. स्मिल्या घरी आली तर विदोसावा पेटीपुढे जमिनीवर बसली होती. मांडीत पिल्लं, डोळे सुजलेले. पिसांच्या मानेचं ते एक तिच्या मुठीत होतं.

"याचं काय करू? मुरगळू?"

"ठेवा त्याला. त्याचा काय दोष."

"मग कुठलं जपायचं ते दाखव मला. नीट दाखव. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही आता."

स्मिल्याला तिच्याकडे बघायचं नव्हतं. तरी ती खाली बसली. एकेक पिल्लू उचलून तिने गळ्यावरून बोट फिरवलं. बहुतेकांना पुढून लवेचा ठिपका लागत होता. चारांना लागला नाही. त्यांत नर किती, की एकही नाही, हे अजून कुणालाच सांगता आलं नसतं. थंडी तर पुढेच होती.

तिने सासूचं खरखरीत बोट धरून एका गळ्यावर ठेवलं. कातडीखाली टिकटिक चालली होती.

"फीत नाही," विदोसावा म्हणाली.

"नाही."

"कसलं कुरूप आहे गं." म्हातारीने ते शालीत गुंडाळलं आणि छातीशी धरलं. "दार लाव. वारा येतोय."