पाच स्वरांच्या सरांचा टेपरेकॉर्डर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. भाषाविभागाच्या कपाटावर, मोडक्या पंख्याशेजारी पडून असतो. मित्रांनो, मोठ्यांचा आदर करावा हे खरे. पण एका मोठ्या माणसाबद्दल माझे मत फार वाईट आहे आणि ते मी लपवणार नाही.

कारखान्यातून मी थेट सरांच्या टेबलावर आलो. आफ्रिकेतल्या बांटू घराण्यातल्या शेकडो भाषांची मूळ आई, म्हणजे त्यांची पूर्वज भाषा, कशी बोलली जात असे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. लेकींचे बोलणे ताडून तिचे उच्चार शोधायचे, हे सरांचे काम. एकीच्या तोंडी जिथे 'प', तिथे दुसरीच्या तोंडी नेमाने 'ह', तर आईचा बहुधा 'प'च. काम सुंदर होते. सरांचे कान मात्र नावालाच होते. त्या मूळ आईचे स्वर पाच, असे पुस्तक लिहून ते हारतुरे घेत फिरत होते.

त्यांच्या हाताखालची संशोधक मुलगी म्हणे, स्वर सात. तिच्या स्वतःच्या आईच्या बोलीत ते सातही अजून जिवंत होते. एका दुपारी मुलीची आई माझ्यासमोर बसली आणि सारखे वाटणारे, पण एका स्वराने वेगळे असलेले शब्द जोडीजोडीने, सावकाश बोलली. मधेच हसून म्हणाली, "एवढं कशाला गं लागतं तुला?" माझ्या आयुष्यातले तेच एक चांगले काम. पुढे आई आजारी पडून वारली. प्रत काढायला विभागात दुसरे यंत्र नव्हते. मुलीचा पुरावा आणि आईचा आवाज, दोन्ही त्या एका कॅसेटमध्ये उरले.

मुलीच्या प्रबंधाचे परीक्षक आले त्या दिवशी तिने माझे बटण दाबले. आईऐवजी माझ्यातून सर खाकरले. "पूर्वजांचा प्रत्येक ध्वनी जपणे हे माझे व्रत आहे," असे त्यांचे भाषण सुरू झाले.

"अगं, ती टेप होय," समोर बसलेले सर म्हणाले. "ऐकली मी. बाई तोच शब्द दोनदोनदा म्हणतायत. म्हटलं, वाया गेलेलीच आहे, सत्काराच्या भाषणाची तालीम करून घेतली. आईला आण की परत एकदा."

"आई गेली, सर. तुम्ही आला होतात घरी भेटायला."

सरांनी चष्मा पुसला. गाढवाला गुळाची चव काय! मुलगी कॅसेट न काढताच निघून गेली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण रेकॉर्डिंगचे लाल बटण दाबण्याआधी आत कोण बोलते आहे ते ऐका, आणि कळले नाही तर ज्याला कळते त्याला विचारा. ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. सरांचे भाषण तिच्यात शब्दन् शब्द सुरक्षित आहे.