बापाच्या जबड्यातलं मूळ

उघडलेल्या कबरीभोवती एकेचाळीस माणसं होती. फावडी तीन, खोबरेलाची बाटली एक, झाडाच्या सालीचं नवं वस्त्र एक. पांढऱ्या वाळूत अकरा वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाची कवटी, तिच्यात सत्तावीस दात, आणि बाहेरून आत शिरलेली मुळं सात. इलाइसानेनं ती दोनदा मोजली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. शिवाय मोजण्याखेरीज तिला दुसरं काही करता येत नव्हतं. टोंगा बेटांवर मुलीनं बापाच्या डोक्याला हात लावायचा नसतो, मेल्यावरही नाही.

नऊ दिवस तिची उजवी खालची दाढ ठणकत होती. डोळा लागला की बाप यायचा. गालावर हात ठेवून उभा राहायचा, बोलायचा नाही. हे तिनं टोकिलुपेआत्याला सांगितलं आणि आत्यानं वैदू मोआलाला बोलावलं. आत्या म्हणजे बापाची बहीण. तिच्या शब्दापुढे त्या घरात कुणी जात नाही. मोआलानं दाढ न बघताच निदान केलं. मेलेल्याच्या हाडात मूळ घुसलं की जिवंत लेकराच्या त्याच हाडात कळ उठते, एवढं साधं आहे, असं तो म्हणाला.

आता खड्ड्यात उतरून त्यानं डोळे मिटले, समुद्राकडे तोंड करून बराच वेळ पुटपुटला, कवटीच्या जबड्यातून बोटभर जाडीचं मूळ ओढून काढलं आणि उंच धरलं. बायका हुंदके देऊ लागल्या. आत्यानं बाकीची मुळं तोडून बाजूला टाकली, भावाची हाडं तेलानं पुसली, वस्त्रात गुंडाळून परत वाळूत ठेवली. त्याच दुपारी इलाइसानेचा ठणका थांबला. पूर्ण थांबला. बेटभर बातमी झाली आणि मोआलाच्या अंगणात एक डुक्कर व दोन चटया पोचल्या.

बाप मात्र येतच राहिला. गालावर हात तसाच.

गुरुवारी दातांची डॉक्टर लेसिएली बोटीनं आली. ती सहा महिन्यांतून एकदा येते, तीन दिवस राहते. इलाइसाने शाळेतल्या पोरांची रांग घेऊन गेली होती. तिच्या हिरडीवरचा फोड दिसला तेव्हा डॉक्टरनं तिलाच खुर्चीत बसवलं. बर्फाची कांडी एकेका दाताला लावली. शेजारच्या दाताला लावताच दोन सेकंदांत ती दचकली. दुखऱ्या दाढेवर डॉक्टर पंधरापर्यंत मोजत राहिली. इलाइसानेला काहीच जाणवलं नाही.

"ठणका कधी थांबला?"

"मंगळवारी दुपारी. कबर उघडली त्या दिवशी."

"त्या दुपारी दाढेतली नस मेली, बाई. कबर उघडली नसती तरी मेलीच असती. दुखवून घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून शांत वाटतंय. पू आता हाडात उतरतोय."

मग डॉक्टरनं वाटा सांगितल्या. दाढेच्या आतल्या नळ्या साफ करून बुजवायच्या, म्हणजे रूट कॅनाल. नाहीतर दाढ उपटायची. नाहीतर वाट बघायची. पलीकडच्या बेटावर एकानं गेल्या वर्षी वाट बघितली. गळा सुजून श्वास कोंडला, आणि बोट पोचायच्या आत तो गेला. शनिवारी दुपारी डॉक्टर परत निघणार होती.

घरी आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं. "त्या दाढेत सुई घालू दिलीस तर ती माझ्या भावाच्या जबड्यात जाईल. आत्ता कुठे त्याला आराम पडलाय."

इलाइसानेला नेमकी तीच भीती होती. नस, पू, हाड हे सगळं ती पोरांना फळ्यावर काढून शिकवायची. तरी डोळे मिटले की तो हात दिसायचा.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याकडे पुरुष कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, पीत बसले होते. मोआला मधोमध.

"मोआलाकाका, मूळ डाव्या जबड्यात होतं. माझी दाढ उजवी आहे."

"मेलेला माणूस आपल्याकडे तोंड करून निजतो, पोरी. त्याचं डावं ते तुझं उजवं."

"आणि उजव्या जबड्यात असतं तर?"

"तर उजव्याचं उजवं. रक्ताचं नातं आहे, चुकेल कसं?"

कुणीतरी करवंटीत तोंड घालून फसकन हसलं.

इलाइसानेनं मोजलेलं सांगितलं. दोन मुळं डोळ्यांत होती, एक कानात, तीन मानेकडून आत, एक जबड्यात. ती चार भावंडं. भाऊ टानिएलाला नावेतून जो मासा दिसतो तो इतरांना जाळ्यात आल्यावर दिसतो. कुणाचा कान फुटलाय, कुणाची मान धरलीय? मोआला म्हणाला, सगळीच मुळं टोचत नाहीत.

"मग कुठली टोचतात?"

"जिथं दुखतं तिथली."

आत्या चटईकडे बघत होती.

"कबरीच्या उशाचं सुरूचं झाड मीच लावलं," ती हळू म्हणाली. "भावाला ऊन लागू नये म्हणून. म्हणजे इतकी वर्षं मीच टोचत होते त्याला?"

"झाडाखाली कुणीही शांत निजतं, आत्या. मूळ पाणी शोधत जातं. वाटेत कवटी आली काय नि दगड आला काय. तुम्ही त्याला सावली दिलीत. दुखणं माझं आहे, ते माझ्याच तोंडात शोधू या."

शनिवारी सकाळी आत्या न बोलावता दवाखान्यात आली आणि खुर्चीशेजारी बसली. बारीक सुई दाढेत उतरू लागली तेव्हा इलाइसानेनं श्वास रोखला आणि वाट बघितली. कुठूनच कळ आली नाही. काळपट पू वर आला. खोलीभर कुजका वास सुटला. आत्यानं नाक झाकलं नाही. बराच वेळ ती वास घेत राहिली, मग म्हणाली, कबरीतल्या वाळूला असा वास नव्हता.

त्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रात दाढेच्या टोकाखालची काळी सावली, म्हणजे पुवानं खाल्लेलं हाड, नऊ मिलिमीटर रुंद होती. सहा महिन्यांनी बोट परत आली तेव्हा अडीच.