रेषा हलेना

विज्ञान-नियतकालिकाच्या परीक्षकाने माझं तीन वर्षांचं काम तीन शब्दांत निकालात काढलं होतं: ‘नळीतला मळ असावा.’

आमचा धातू तऱ्हेवाईक. खूप थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन शेकडो पटींनी जड झाल्यासारखे वागतात. त्यांच्या स्पिनचा, म्हणजे अंगच्या चिमुकल्या चुंबकपणाचा, संकेत इतका पसरतो की तो दिसूच नये, असं सगळे मानायचे. मला तो दिसला होता, पडद्यावर चांगली ठसठशीत रेषा. घरी आई मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायलाही लागली होती. आता परीक्षक म्हणतो, नळीतला धातूचा स्फटिक चुंबकात फिरवून दाखवा. रेषा सरकली तर ती स्फटिकाची, नाही सरकली तर घाणीची.

फिरवला. तीस अंश, साठ, नव्वद. रेषा ढिम्म हलेना.

मागे माझे मार्गदर्शक सर उभे होते. माझी पीएचडी गेली, हे मला कळून चुकलं.

“शोधनिबंध मागे घेऊ,” ते म्हणाले. “लोकांनी हसण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.” आणि आपल्या खोलीकडे गेले. माणूस विद्वान, पण कुणी नुसते डोळे वटारले तरी हातपाय गाळणारा. मला संतापाने रडू आलं.

“दांडी काढू का गं बाहेर?” थंड करायला लागणारं हेलियम सांभाळणारे काका म्हणाले. “टाकीत एकदा थंड करण्यापुरतंच उरलंय. नवी टाकी दीड महिन्याने.”

“काढा.”

दांडी बाहेर आली. तिच्या बुडाला तो चपटा, तांदळाएवढा स्फटिक आडवा चिकटलेला होता. मी बघतच राहिले. आडवा! टेबलावरची बशी कितीही फिरवा, कड सगळीकडून सारखीच दिसणार. आमच्या आडव्या चुंबकक्षेत्रात या स्फटिकाचंही तेच. फरक पडतो तो क्षेत्र त्याच्या सपाटीतून जातं की सपाटीला काटकोनात, याने. आडवा चिकटवला की पडत नाही, म्हणून तीन वर्षं मी तसाच चिकटवत आले होते. आजही तसाच चिकटवून मूर्खासारखी गोल गोल फिरवत बसले.

“काका, आता दांडीच्या कडेला उभा चिकटवायचाय.”

“आणि आत पडला तर?”

“तर संपलंच.”

ग्रीसचा ठिपका लावून मी तो उभा चिकटवला. दांडी आत गेली. काका तापमान मोठ्याने वाचत होते, वीस केल्विन, बारा, पाच. रेषा आली, जुन्याच जागी. मी तीस अंश फिरवलं. सरकल्यासारखी वाटली, पण माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. साठला ती जवळजवळ दुप्पट चुंबकक्षेत्रावर जाऊन बसली.

“सर!” मी किंचाळलेच.

ते धावत आले. पडदा बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच पांढराफटक पडला.

“अगं, माघारीचं पत्र पाठवलं मी. आत्ताच.”

“मला न विचारता? निबंधावर पहिलं नाव माझं आहे, सर.”

आमच्याकडे सरांशी असं कुणी बोलत नाही. काकांनी मान खाली घातली.

“घाबरलो मी,” सर हळूच म्हणाले. “लिहितो त्यांना, चूक झाली म्हणून.”

“ते मी लिहीन. तुम्ही आकडे उतरवून घ्या. हेलियम संपत आलंय.”

मी दांडी पुढच्या अंशावर नेली. सरांनी स्टूल ओढलं, माझी वही उघडली आणि विचारलं, “हं, किती?”